खोपोलीपर्यंत, त्याच आवाजात

सासूबाई फोनवर कधी काही मागत नाहीत. त्यामुळे त्यांनी मागितलं तेव्हा मला आधी शंकाच आली.

"जावईबापू, रविवारी संध्याकाळी मी नागपूरला चाललेय. थोरलीकडे, कायमची. त्याआधी विनूची गाडी एकदा दारात आणाल का? बघायची नाही हो, बघायला डोळे कुठे राहिलेत. ऐकायची आहे."

विनू म्हणजे माझा मेहुणा, संध्याचा एकुलता एक भाऊ. तो गेला त्याला तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून त्याची मोटारसायकल डोंबिवलीत आमच्या पार्किंगमध्ये आहे. जुनी, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. कंपनीचं नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावरून कळलं असेल. विनू कामावरून परतताना ती खोपोलीतल्या लौजीच्या चढाला लागली की घरात आवाज यायचा, आणि सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या.

मी संध्याला म्हटलं, "यात काहीतरी आहे. तुझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा गाडी घेऊन न्यायला येतोय ना? बघ, मोटारसायकल दारात दिसली की म्हणतील, टेंपो करून हीपण नागपूरला नेऊ."

"अहो, तुम्ही देवळात गेलात तरी आधी चपलांकडे बघता आणि मग देवाकडे," संध्या म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "मलापण ऐकायचाय तो आवाज. आईच्या दारात."

शुक्रवारी निघायचं ठरलं. मी सरकारी हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे, कागदावर सही करण्याआधी कागद उजेडात धरून बघायची सवय आहे. ती सवय घेऊनच मी हा प्रवास केला, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

गाडीची अडचण आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. हिला कार्ब्युरेटर दोन. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला पाजायची, एवढंच त्यांचं काम. मूळच्या रचनेत ते दोघं सीटखालच्या एका मोठ्या डब्यातून हवा घेतात आणि त्या डब्यात फिल्टर असतो. आमच्या डब्याला चीर गेली होती, रबरं कुजून पीठ झाली होती आणि तसा डबा आता मिळत नाही. मिळतो म्हणणारे भेटले, पण त्यांचा मला भरवसा वाटला नाही. म्हणून मी डबाच काढून टाकला आणि दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडांवर एकेक लहान, उघडा फिल्टर बसवला. दिसायला काय झकास! पण उघड्या फिल्टरमधून हवा भसाभस जास्त जाते, मग पेट्रोलही वाढवावं लागतं. म्हणजे जेट, ती पेट्रोलची बारीक भोकाची पितळी तोटी, मोठ्या भोकाची घालावी लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी विश्वास ठेवला नसेल. गाडी खोकायला लागली, तापायला लागली, तेव्हा जुन्या गाड्यांच्या एका शौकिनानं सुचवलं, "कर्जतला जा, दहिवलीत दिगू मिस्त्री आहे. वाटेतच आहे तुमच्या."

शुक्रवारी उजाडता निघालो. काटई, बदलापूर, वांगणी, नेरळ असा रस्ता. बदलापूरच्या पुढे एकदाचं मोकळं वाटतं, पण रस्त्याचं काम कुठे संपलंय आणि कुठे सुरू आहे हे शेवटपर्यंत कळत नाही, तेव्हा दुचाकीवाल्यांनी डावीकडच्या खडीवर भरवसा ठेवू नये. जानेवारीची थंडी, कापलेल्या भाताची खाचरं, उजवीकडे माथेरानचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला. नेरळला मात्र डोंगराआधी जाहिराती दिसतात. प्रत्येक इमारत स्टेशनपासून पाच मिनिटांवर. कुणाची पाच मिनिटं, ते लिहीत नाहीत. तिथे मिसळ खाल्ली, बरी होती, पण फरसाण कालचं असावं असा मला संशय आहे. संध्याला तो आला नाही आणि तिनं दुसरा पाव मागवला.

नेरळपासून कर्जतपर्यंत गाडी खोकत होती. दहिवलीत पोहोचलो, नदीच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याची शेड, बाहेर जुन्या गाड्यांचे सांगाडे. एवढे सांगाडे बघून मी सावध झालो. दुसऱ्यांच्या गाड्यांतले भाग काढल्याशिवाय एवढे सांगाडे होतात का?

जुन्या गाड्यांच्या जगात एक भीती कायम असते. मूळ कार्ब्युरेटर सोन्याच्या मोलाचे झालेत. गाडी मिस्त्रीकडे ठेवावी आणि परत घ्यावी तर आतला माल बदललेला. म्हणून मी आदल्या दिवशीच दोन्ही कार्ब्युरेटरना खालच्या बाजूला संध्याच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके देऊन ठेवले होते. मूळचे जेट, गाडीचे कागद आणि दोन-चार दुर्मीळ वस्तूंची पिशवी वेगळीच. ती, गाडीचं मोठं कव्हर आणि संध्याची शाल यांचं एक गाठोडं संध्याच्या पाठीवरच्या बॅगेत होतं. मी तिला समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं आणि सांगितलं, "बॅग मांडीवरच ठेव. कुणी कितीही गोड बोललं तरी."

दिगू मिस्त्री म्हणजे पन्नाशीचा, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सायेब, हिला हात लावणारा पूर्न रायगडात एकच हाय. तो तुमच्याम्होरं उभा हाय." स्वतःची एवढी तारीफ करणाऱ्या माणसाचं मला कधीच पटत नाही. मी स्टूल ओढून त्याच्या हाताच्या अंतरावर बसलो.

त्यानं कार्ब्युरेटर काढला, उलटा केला आणि थांबला. "ह्ये लाल काय?"

"असंच," मी म्हटलं.

"असंच," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं आणि पाना उचलला.

काम मात्र बघण्यासारखं होतं. मोठे जेट घातले, पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुया एक खाच वर घेतल्या. मग दोन्ही कार्ब्युरेटर जुळवणं. दोन्ही एकाच क्षणी उघडले पाहिजेत, नाहीतर एक बैल ओढतोय आणि दुसरा चरतोय अशी गत होते. त्यानं एक तळहात डाव्या सायलेन्सरमागे धरला, दुसरा उजव्या, आणि डोळे मिटून दोन्हींचे फुत्कार सारखे येईपर्यंत मला स्क्रू फिरवायला लावला. मग पळसदरीच्या रस्त्यावर मोकळ्या पट्ट्यात गाडी पूर्ण ताणून पळवली, तशीच एकदम बंद केली आणि प्लग काढून दाखवला. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर हवा जास्त. आमचा भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाचा होता. अगदी हवा तसा. मलाही दोष काढता येईना.

शेवटी त्यानं काय करावं? पिवळ्या रंगाचा डबा उघडला आणि सगळ्या स्क्रूंवर एकेक टिपका दिला. "तुमी भायेर कुनाला हात लावू दिलात आन मंग माज्या नावानं बोंबललात, तर मला कळाया पायजे," म्हणाला. मला राग आला. माणसावर एवढा अविश्वास!

तिथून निघालो. संध्या म्हणाली, "अहो, ही बॅग खांद्याला रुततेय." मी गाडीची बाजूची झाकणं उघडली आणि मला साक्षात्कार झाला. जुना डबा काढल्यामुळे सीटखाली चांगली ऐसपैस जागा मोकळी होती. झाकणांना किल्लीचं कुलूप. यापेक्षा सुरक्षित तिजोरी कुठली! कव्हरची घडी, शाल, पिशवी, सगळं गाठोडं आत नीट दाबून बसवलं आणि कुलूप लावलं. संध्याही खूश, मीही खूश.

पळसदरीच्या पुढे गाडी गुदमरली. आधी भुरभुर, मग ढब-ढब, मागे काळाकुट्ट धूर. प्लग काढला तर कोळसा. पुसून परत लावला, थोडी चालली, पुन्हा तेच. एक ठाकरीण वालाच्या शेंगांची पाटी घेऊन उभी होती, ती हसून संध्याला म्हणाली, "गाडी नको म्हनतेय, बाय." संध्यानं तिच्याकडून शेंगा घेतल्या. मला त्या वेळी शेंगा सुचणं शक्य नव्हतं. तासाभरापूर्वी लोण्यासारखी चाललेली गाडी, आणि आता हे? म्हणजे तिथून निघताना मिस्त्रीनं काहीतरी करून ठेवलं. गिऱ्हाईक परत आलं पाहिजे ना!

रखडत परत आलो. गॅरेजच्या थोडं आधी थांबून झाकण उघडलं आणि गाठोडं काढून संध्याकडे दिलं, कारण मिस्त्री सीट उघडणार आणि त्याच्यासमोर ती पिशवी नको होती. संध्या गाठोडं घेऊन टपरीवर बसली आणि मी गाडी आत नेली.

दिगूनं किक मारली. गाडी घुमली, मस्त. फेरी मारून आला. "सायेब, काय नाय हिला."

"काय नाय कसं? पळसदरीला धूर काढलान हिनं!"

"मंग हितं का नाय काढत?" त्यानं पिवळे टिपके तपासले. एकही तुटलेला नव्हता. मी हळूच लाल ठिपके तपासले. तेही होते. "पेट्रोल कुटं भरलं?" तो म्हणाला, आणि मग दोघांचाही संशय काही काळ पेट्रोलपंपावर गेला. टाकी रिकामी केली, नवीन भरलं. अंधार पडायला लागला होता. कर्जत स्टेशनच्या बाजूला एका लॉजमध्ये उतरलो. खोली स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी, भाडं बेताचं, पार्किंग मात्र उघडं. मी गाडीला कव्हर घातलं, साखळी लावली आणि खिडकी गाडीच्या बाजूची मागून घेतली. स्टेशनवरचा वडापाव खाल्ला. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि हे मी सहजासहजी लिहीत नाही.

शनिवारी सकाळी कव्हर काढलं, घडी घालून गाठोड्यासकट सीटखाली दाबलं आणि पुन्हा खोपोलीच्या रस्त्याला लागलो. केळवलीपर्यंत पोहोचलो. पुन्हा ढब-ढब, पुन्हा धूर. संध्या उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. ती बोलते तेव्हा मला बरं वाटतं.

"उद्या सकाळी रिक्षा करू," अखेर ती म्हणाली. "आईला भेटून येऊ. आवाजाचं राहिलं तर राहिलं." आणि तिचा स्वर फाटला. विनू गेला तेव्हा ती सगळ्यांना सावरत होती, तेव्हाही मी तो असा फाटलेला ऐकला नव्हता. मला भीती वाटली. खरंच सांगतो, रस्त्यात गाडी बंद पडल्याची नाही, ती भीती वेगळीच होती.

परत दहिवली. परत गाठोडं संध्याच्या मांडीवर, टपरीवर. दिगूनं मी सांगितलेल्या काळ्या धुरावर भरवसा ठेवून एक नंबर लहान जेट घातले, सुया खाली घेतल्या. पळवून आला, प्लग काढला. पांढराफटक!

"काल बरूबर, रस्त्यावर काळा, आता पांडरा," दिगू म्हणाला. त्याचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. जेट पुन्हा मोठे घातले. पुन्हा शेंगदाण्याचा रंग. त्यानं पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "सायेब, खरं सांगा. तुमाला नेरळच्या गॅरेजवाल्यानं धाडलंय ना? माजं नाव घालवायला? तिकडं जाऊन मोबायलवर टाकणार, दिगूला जमलं नाय!"

"मला कोण धाडणार? तूच गाडीत खोड ठेवतोस, म्हणजे मी रोज तुझ्या दारात!"

"आवो, खोड ठेवायला मला काय येड लागलंय? माजी दुसरी कामं खोळंबलीत!"

"मग गाडी इथे सरळ आणि रस्त्यावर वाकडी कशी?"

"त्ये तुमी सांगा! रस्त्यावर तुमी असता, मी नसतो!"

आवाज एवढे चढले की टपरीवाली बाई पदर खोचून रस्ता ओलांडून आली. मला वाटलं, चहाचे पैसे राहिलेत. ती दिगूला म्हणाली, "काय रं ह्ये? गिऱ्हाइकावर वरडतोस? आन ताई किती गुनाची. संध्याकाळी आपल्याकडं पोपटी हाय, मी त्यांना सांगितलंय. शेंगापन त्यांनीच आनल्यात."

मी बघतच राहिलो. ती दिगूची बायको! दोन दिवस मी माझं गाठोडं मिस्त्रीपासून लपवून मिस्त्रीच्याच बायकोच्या बाकड्यावर ठेवत होतो. मी संध्याकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" संध्या म्हणाली. "मला पहिल्याच चहाला कळलं."

पोपटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. थंडीत रायगडात ही करतात. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा आणि लाकडं पेटवायची. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते लागलीच चर्र करून उडालं की झालं. त्या पाल्याच्या वासानं माणूस भांडण विसरतो म्हणतात. मी आणि दिगू विसरलो नव्हतो. जाळाच्या दोन बाजूंना दोन टोकं धरून बसलो होतो. मोटारसायकल अंगणातच, माझ्या नजरेच्या टप्प्यात. गाठोडं मी गाडी अंगणात लावल्यावर लगेच पुन्हा सीटखाली कोंबून कुलूप लावलं होतं, परक्या घरात उघड्यावर कशाला ठेवा?

सूर्य डोंगराआड गेला आणि गारठा पडला. संध्यानं हात चोळले. "अहो, माझी शाल काढा ना. सीटखाली आहे बघा."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"कुटली शाल, ताई?" दिगूची बायको म्हणाली. "त्या गाठोड्यातली? त्ये गाठोडं तर दर येळी तुमच्या मांडीवर असतं."

"इथे असलो की मांडीवर. रस्त्याला लागलो की हे सीटखाली दाबून ठेवतात. कव्हर, शाल, कागद, सगळं."

दिगू हातातलं लाकूड तसंच धरून उठला. "सीटखाली?" तो म्हणाला. "सीटखाली कुटं?"

मी किल्ली काढली. दुसरं काय करणार? झाकण उघडलं. जाडजूड प्लॅस्टिकचं कव्हर दोन्ही फिल्टरांच्या तोंडावर असं चपखल दाबून बसलं होतं, की ते मी ओढून काढलं तेव्हा त्यावर फिल्टरांचे दोन गोल उमटलेले दिसले. हवा कुठून जाणार? इथे आलो की मी तोंड मोकळं करत होतो आणि रस्त्याला लागलो की दाबत होतो.

दिगू कडाडला. "दोन दीस! दोन दीस मी माज्याच हाताव संशय घेतला! रातीला झोपलो नाय मी, सायेब! म्हनलं, दिगू, आता तुजे कान गेले, धंदा बंद कर!" तो खरोखर संतापला होता, आणि डोळ्यांत पाणीही होतं, ते धुराचं म्हणता येईल. "आन लपवलं कुनापास्नं? माज्यापास्नं!"

"काखेत कळसा आन गावाला वळसा," त्याची बायको म्हणाली. "पन तूपन कुटं बघितलंस रं? दोन दीस भोकं मोजत बसलास. आधी मडकं काडा, शेंगा करपतील."

दिगूनं मडकं काढलं, माझ्याकडे पाठ करून. शेंगांचं पान मात्र माझ्यापुढे आपटलं. शेंगा अप्रतिम होत्या. संध्या शाल पांघरून खात होती, आणि एकाएकी तिला हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. ती हसायची थांबेना. दिगूच्या बायकोलाही हसू आलं. मी मान खाली घालून शेंगा सोलत होतो. लाज वाटत होती, पण ती हसतेय याचं बरंही वाटत होतं.

रविवारी सकाळी दिगूनं गाडी पुन्हा एकदा नीट जुळवली. पिवळे टिपके ओले असतानाच म्हणाला, "आता तुमचे लालपन बगून घ्या. म्हंजे नंतर नको." मी बघितले नाहीत. खरं सांगायचं तर तो हात धुवायला गेला तेव्हा वाकून बघितले. होते.

पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. गाठोडं संध्याच्या पाठीवर. रस्ता अरुंद आहे, वळणांवर टेंपोवाले मध्यातून येतात, पण सकाळचं ऊन, डावीकडे घाटाचा कडा आणि खाली वाजणारी ती गाडी, मी एकदाही मागे वळून धूर बघितला नाही. म्हणजे आरशात बघितला. नव्हता.

लौजीच्या चढाला दुसरा गिअर टाकला. सासूबाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. सामान बांधून भिंतीला लावलेलं. मी दारात गाडी थांबवली आणि बंद करायला हात नेला, तर त्यांनी तळहात वर केला. "राहू दे. चालू राहू दे."

गाडी दारात उभी चालू. संध्यानं आईचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या. त्यांनी आधी हवेत चाचपलं, मग टाकी सापडली. टाकीवर हात ठेवला. टाकी थरथरत होती. किती वेळ तशा उभ्या होत्या. संध्या त्यांच्या बाजूला.

"हाच," सासूबाई म्हणाल्या. "हाच तो आवाज. विनूचीच गाडी." आणि मग, "आता बंद करा, जावईबापू. शेजारी ओरडतील. संध्या, चहा टाक."

दुपारी थोरलीचा मुलगा आला. मी त्याच्यावर लक्ष ठेवून होतो. त्यानं मोटारसायकलकडे बघितलं, "मामाची गाडी मस्त ठेवलीत काका," एवढंच म्हणाला आणि आजीची खुर्ची घडी करून डिकीत ठेवली. मोटारसायकलचा विषय कुणीच काढला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा संध्या गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभी होती. परत येताना आम्ही खालापूरवरून चौकमार्गे पनवेलकडून आलो, लांब पडतं, पण रस्ता रुंद आहे. तुम्ही जाणार असाल तर जाताना नेरळ आणि येताना चौक असं करा. आणि उघडे फिल्टर बसवलेत तर आधी जेट बदला, आणि सीटखाली रुमालसुद्धा ठेवू नका. एवढा उपयोगी सल्ला मला दुसऱ्या कुणी दिला असता तर मी मानला नसता.

आता घरी आलोय. एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती लिहून टाकतो.

तो आवाज तो नव्हता. तो असूच शकत नाही. जुना हवेचा डबा असायचा तेव्हा ही गाडी दबक्या, खोल आवाजात घुमायची. डबा काढला, फिल्टर उघडे झाले, की हवा ओढताना तिचा एक खरखरीत सुसाट आवाज येतो, तो कितीही जुळवलं तरी जात नाही. वीस वर्षं मी विनूला ती चालवताना ऐकलंय. माझ्या कानाला फरक कळतो, मग ज्या माउलीनं तिच्या आवाजावर रोज चहा ठेवला, तिला कळला नसेल?

परवा संध्या उरलेल्या वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला विचारलं. सगळं समजावून सांगितलं, डबा, हवा, सगळं. ती ऐकत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "चढ चढतानाच मला कळलं होतं, हा तो नाही."

"मग आईंना कळलं नाही?"

"कळलं ना. न कळायला काय झालं?"

"मग त्या 'हाच' का म्हणाल्या? खोटं कशाला?"

संध्यानं हातातली शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले.

"मी बाजूला उभी राहून रडत होते," ती म्हणाली. "तिला दिसत नाही, पण ते ऐकू येत होतं."

मी शेंगांचं ताट ओढून घेतलं आणि तिच्याबरोबर शेंगा सोलायला बसलो.